युसूफभाईंची बोटं डिस्कवर दिसली पाहिजेत

मंडळी, आज दुपारी लातूरच्या माझ्या स्टुडिओत मुरुडच्या शबानाआपा आल्या. सोबत त्यांचे मोठे भाऊ युसूफभाई होते. भाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. ते हातांनी बोलतात. आपांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. त्या लग्नात भाईंनी भाचीला हातांनीच दुवा दिली होती.

"सगळं छान हाय," आपा म्हणाल्या, "पण भाई काय बोलायलेत ते डिस्कवर समजंना. पोरीला नांदेडला सासरी हेच दाखवायचंय."

डिस्क लावून पाहिली. अख्खं लग्न एकाच डिस्कवर बसवताना चित्र इतकं दाबलं गेलं होतं, की हात हलला की बोटं पुसली जात होती.

मूळ शूटिंग एचडी होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. दुवेचा भाग वेगळ्या डिस्कवर घेतला, म्हणजे चित्र तेवढं दाबायची गरजच उरली नाही. एचडीचं चित्र डीव्हीडीच्या चित्रापेक्षा बरंच मोठं असतं. त्यामुळे भाईंचे हात मोठे करून जवळ आणले तरी चित्र फाटून धूसर झालं नाही.

नवी डिस्क टीव्हीवर लावली. एकेक बोट स्वच्छ दिसत होतं. आपा बघत बघत मला सांगू लागल्या, "भाई म्हणतेत, सासरच्यांना माझे दोन शब्द शिकव. म्हणजे तुझ्या घरी आलो की मला गप बसावं लागणार न्हाई."

निघताना मी भाईंना 'पुन्हा या' हातांनी कसं म्हणायचं ते विचारलं. त्यांनी माझी बोटं धरून शिकवलं.

तुमच्यापैकी कुणाला हातांनी बोलता येतं का? मला अजून शिकायचंय.