शैलाची मोटार

नानाचा फोन आला तेव्हा शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात मी वह्या रचत होतो. "आण्णा, शैलाताई गेली की..." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दुरेघी वही मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात चित्रकलेची ठेवली. त्याला महिना होऊन गेला.

शैला माझी मामेबहीण, नानाची थोरली बहीण. उजनीच्या काठी वाढली आणि बंगळुरूला मेंदूच्या पेशींवर संशोधन करू लागली. पेशीत कॅल्शियम शिरलं की आतली जनुकं कशी जागी होतात, हा तिचा विषय. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आठवडाभर दोन्ही वेळा दूध प्यालो, गिऱ्हाइकांनाही तोच सल्ला दिला. "येड्या, पेशीचं दार उघडल्यावर आत शिरतं ते! दुधाच्या पेल्याचं काय काम हितं?" रागावली की तिची भाषा धरणाकाठची व्हायची.

शेवटी तिने नानाच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीचं उदाहरण काढलं. मोटार पाण्याकाठी, तिच्या स्टार्टरमध्ये सिमकार्ड; घरून फोन लावला की चालू. "तसंच हाय. कॅल्शियम शिरतं पेशीच्या फांदीच्या टोकाला, तिथनं निरोप जातो पार केंद्रकापर्यंत. मग जनुक चालू, नवी प्रथिनं तयार, आठवण पक्की. पण एका रिंगवर भागत न्हाय. निरोप परत परत लागतो." मी म्हटलं, "म्हंजे सिमकार्ड खायचं?" पटावं म्हणून तिने मला त्या मोटारीचा नंबरही दिला. एकदा तिच्या नंबराऐवजी चुकून तोच लावून मी नानाच्या केळीत तळं केलं.

खरं सांगतो, मला त्याच दिवशी सगळं कळलं होतं. पण तसं म्हणालो असतो तर रविवारचा फोन संपला असता. म्हणून कित्येक वर्षं मी मठ्ठ राहिलो... दर रविवारी नवी शंका. शेवटच्या रविवारी तिचा आवाज पार खोल गेला होता. "येड्या, आता तरी कळलं का रं?" मी सवयीने म्हणालो, "न्हाय की." "बरं... पुढच्या रविवारी."

परवाच्या रविवारी मी मोटारीचा नंबर लावला. या वेळी चुकून नव्हे. रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, "मोटार चालू झाली आहे." मी तिलाच सगळं सांगितलं, पेशीच्या दारापासून केंद्रकापर्यंत, एकही चूक न करता.

थोड्या वेळाने नानाचा फोन. "आण्णा, मोटार तुमीच लावली न्हवं?"

"चुकून लागली रे."

त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता.

"व्हय... ऱ्हाऊ द्या चालू. पुढच्या रविवारी बी चुका की."