कोकरू कुणी नेलं, ते कार्डात व्हतं

मंडळी, आज लई लाज वाटतीय.

मेंढपाळ बिराभाऊंची मेंढरं खतासाठी आमच्या खोडदच्या शेतात बसवली होती. परवा रात्री त्यांचं एक कोकरू गायब झालं. मी म्हणालो, "बिबट्याच! मेंढरांच्या वासानं वस्तीवर येतोय. तळ हलवा."

"आधी तुम्ही बिबट्यासाठी बांधावर लावलेला कॅमेरा बघा की," ते म्हणाले. पण कॉम्प्युटरवर त्याचं मेमरी कार्ड उघडेना, नुसतं 'फॉरमॅट करा' म्हणायचं. मला धीर नव्हता, तळ हलवाच म्हणून बसलो.

आज सकाळी त्यांनी तळ उठवला. जाताना उलट तेच मला म्हणाले, "तुमच्या मोत्याला घरात बांधा राव, बिबट्या कुत्री उचलतो."

दुपारी बायकोनं कार्ड परत कॅमेऱ्यातच घातलं आणि त्याच्या पडद्यावर फोटो दिसले.

कोकरू तोंडात धरलेला आमचा मोत्या.

आता ओतूरकडं त्यांना गाठायला निघालोय. तुमीच सांगा, कोणत्या तोंडानं बोलू?