आई तपासणीला थांबली नाही

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही वर्षं आईला छान दिसत होतं. मग डाव्या डोळ्यापुढे पुन्हा धूसर यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, लेन्समागचा पडदा गढूळ झालाय, लेझरने मोकळा करू.

लेझर ज्या दिवशी ठरलं, नेमकी त्याच दुपारी मावशी कायमची नागपूरला मुलाकडे निघाली होती. लग्नानंतरही दोघी बहिणी इथे कांचघर मोहल्ल्यात एकाच गल्लीत राहिल्या होत्या.

लेझर लवकर आटोपलं. नर्सने आईला बाकावर बसवलं. "अम्माजी, एक घंटा बैठिए. प्रेशर चेक करके जाना." लेझरनंतर कधी कधी डोळ्यातला दाब चढतो, तो मोजल्याशिवाय सोडत नाहीत, असं तिने मलाही सांगितलं.

"इथे बसून काय करून राहिलो आपण? तिची गाडी निघून जाईल," आई म्हणाली.

"तासाभराचाच प्रश्न आहे, आई."

"जाण्याआधी मला तिचं तोंड नीट पाहू दे. दाब उद्या मोजू."

नर्सने परत अडवलं, मीही हात धरला. पण आई चपला घालून दारात जाऊन उभी राहिली. शेवटी ऑटो केला.

स्टेशनवर कळलं, गाडी बरीच लेट आहे. लेझरआधी घातलेल्या थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, उजेड टोचत होता, तरी आई मावशीकडे एकटक पाहत राहिली. "तू इतकी म्हातारी केव्हा झाली वं?" मावशी हसली. मग दोघी रडल्या.

संध्याकाळी आईचं डोकं दुखायला लागलं. रडण्यामुळे असेल, असं समजून ती पडून राहिली. सकाळी उलट्या झाल्या, डोळा लालभडक. दवाखान्यात दाब खूप चढलेला निघाला. औषधांनी तो उतरला, पण डोळ्याची नस आधीपासूनच कमजोर होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. डाव्या डोळ्याचं दिसणं गेलं, ते परत आलं नाही.

मावशीला यातलं काही सांगायचं नाही, अशी आईची ताकीद आहे. मात्र परवा तिच्याशी फोनवर बोलून झाल्यावर आई म्हणाली, "गाडी कुठे आहे, ते आधी विचारलं असतं तर दोन्ही जमलं असतं. काहून नाही सुचलं आपल्याला?"

आता बाजारात जाताना मी तिच्या डाव्या हाताला चालते. तरी गर्दीत मी जराशी मागे पडले की एखादी सायकल त्या बाजूने तिला घासून जाते, आणि ती माझा दंड घट्ट पकडते.