टेनिसची ड्युटी आणि कोर्टाची चावी

शिक्षकाकडे किस्से साचतात ते शिकवल्यामुळे नाही, ड्युट्यांमुळे! निवडणुकीची ड्युटी, जनगणनेची ड्युटी, पाहुण्यांच्या वाटेवर झेंडे घेऊन उभं राहायची ड्युटी. चिपळूणहून मी सिल्वासात आले मराठी शिकवायला, आणि मराठी शिकवलं ते फावल्या वेळात. पण टेनिसची ड्युटी लागेल असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं. डोकमर्डीतल्या माझ्या शेजारणीला सांगितलं तर म्हणाली, "या वयात धावणार तुम्ही?"

आता स्टाफरूममध्ये चहा आला की कुणी ना कुणी म्हणतंच, "सावंत बाई, ते नारळाचं सांगा." सांगते. पण आधी चावीचं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

गावात नवीकोरी हार्ड कोर्टं झाली. हार्ड कोर्ट म्हणजे खाली काँक्रीट, वर निळा रंग आणि बाहेर कुलूप! चावी देसाईसाहेबांकडे. पुढे झालेल्या स्पर्धेच्या आयोजन समितीचे सचिवही हेच. आणि आमचे पीटीचे गांगुर्डे सर, मूळचे धुळ्याकडचे, शाळेच्या मैदानात झाड ते पाण्याची टाकी अशी दोरी बांधून किलवणी-नरोलीच्या पोरांना टेनिस शिकवायचे. मुरमावर पडलेला चेंडू कुठे जाईल हे चेंडूलाही ठाऊक नसायचं. चावी मागायला सर साहेबांच्या केबिनबाहेर इतके बसले, की तिथला शिपाई त्यांना आपल्या डब्यातली भाजी द्यायला लागला.

मग बातमी आली, देशोदेशीचे खेळाडू येणार, पुरुषांची आणि महिलांची मोठी व्यावसायिक स्पर्धा इथेच होणार. साहेबांनी सरांना आत बोलावलं. "टूर्नामेंट बिना कंप्लेंट पूरी करी दो, सर. पछी चावी तमारी!"

सर बाहेर आले ते हसतच. मला म्हणाले, "मॅडम, आता कंप्लेंट नाही आली पाहिजे भो!"

*

पहिली कंप्लेंट उद्घाटनालाच आली.

शिपायाने विचारलं, "साहेब, नारळ कुठे फोडू?"

साहेब म्हणाले, "अरे, नाम ही हार्ड कोर्ट है. फोडो ना बीच में!"

फोडला. खोबरं उडालं, पाणी पसरलं. शिवाय ड्युटी लागलेल्या आम्ही शिक्षिकांनी पहाटे येऊन बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवर, झकास रांगोळी काढली होती, गुलाबी कमळांची. उंच खुर्चीत बसून पंचगिरी करणारी केतकी नावाची पुण्याची मुलगी आली, खाली वाकली, करवंटीचा तुकडा उचलला आणि म्हणाली, "इथे मॅच आहे की सत्यनारायण?"

साहेबांनी हात पुढे केला, "मॅडम, प्रसाद!"

मॅच उशिरा सुरू झाली. आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यांनी कोर्ट पुसलं, पण रांगोळी खरखरीत रंगात बसली ती बसलीच. दिवसभर त्या रेषेपाशी पडलेला प्रत्येक चेंडू गुलाबी होऊन वर यायचा. एका गोऱ्या खेळाडूने तर चेंडू उचलून हुंगला. गांगुर्डे सरांनी कपाळावर हात मारला. "गेली चावी!"

*

टेनिसमध्ये थोडे गेम झाले की चेंडू बदलतात. हे साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं. नव्या चेंडूंचे डबे त्यांनी कपाटात टाकले होते आणि कपाटाला कुलूप. नवीन वस्तू फायनलला काढायची, हा त्यांचा साधा हिशोब. घरात नवे कप पाहुण्यांसाठी असतात तसा.

ऐन मॅचमध्ये केतकीने पुकारलं, "न्यू बॉल्स!"

कुणीच हलेना. गांगुर्डे सर धावत साहेबांकडे. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "क्यूं? पुराना उछलता नहीं?"

"उछलता है, साहेब."

"तो फिर?"

तिकडे दोन्ही खेळाडू बाया बाकावर बसून केळी खात होत्या. अखेर साहेबांनी डबा काढला, पण एका अटीवर. आधी जुना माल जमा! मग सर पिशवी घेऊन एकेका बाईपुढे उभे. "मॅडम, ओल्ड बॉल?" त्यातल्या एकीने वैतागून चेंडू असा मारला की तो जाळीवरून थेट रस्त्यावरच्या रिक्षात. रिक्षा पुढे आणि सर पिशवीसकट मागे! पण चेंडू आणला बरं का. धापा टाकत म्हणाले, "मॅडम, एक चेंडू कमी भरला असता तर चावी गेली असती."

*

प्रेक्षक नव्हते. म्हणजे खुर्च्या होत्या, पण त्यात माणसं नव्हती. कामगारांची शिफ्ट, दुकानदारांचा धंदा, भर दुपारी टेनिस बघणार कोण? मग साहेबांनी नेहमीचा उपाय केला. शाळा बोलवा!

आमची पोरं शिस्तीची. सरांनी त्यांना प्रार्थनेच्या वेळी शिकवलंय, सरांचा एक हात वर झाला की टाळी, एक-दोन, एक-दोन-तीन. दोन्ही हात वर झाले की तीच टाळी, पण जोरात. पोरांना टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांचे डोळे सरांवर.

एक खेळाडू सर्व्हिस करायला उभा. चेंडू वर फेकला. आणि नेमका सरांच्या कपाळावर घाम आला, तो पुसायला हात वर गेला. एक-दोन, एक-दोन-तीन! अख्खा स्टँड दणाणला. त्या मुलाची रॅकेट हवेत आणि चेंडू डोक्यावर.

केतकीने इंग्रजीत सांगितलं, शांत बसा. मग हिंदीत सांगितलं. शेवटी अस्सल पुणेरी मराठीत, "मुलांनो, टाळ्या उत्तम आहेत, पण आम्हाला नको आहेत."

सर बिचारे ओशाळले. उभे राहून त्यांनी माफी मागायला दोन्ही हात वर केले.

*

फायनलला बडे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी साहेब कोर्टावर आले आणि पंचाची खुर्ची बघून हबकलेच. "ये लड़की साहब से ऊपर बैठेगी?"

प्रमुख पाहुण्यांपेक्षा वर कुणी बसायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. खुर्ची कापता येईना, म्हणून मांडववाल्याला बोलावून स्टेज चढवलं. खुर्चीपेक्षा हातभर उंच, बेसलाइनच्या बरोबर मागे! त्यावर सोफा.

महिलांची फायनल. पाहुणे वर चढले, सोफ्यात बसले आणि त्यांनी पाय हलवायला सुरुवात केली. समोरच्या खेळाडूने लगेच हात वर केला. नजरेसमोर कुणीतरी हलतंय! केतकीने माइक घेतला. "सोफ्यावरील सद्गृहस्थांनी कृपया हलू नये."

आयुष्यात प्रथमच कुणी असं सांगितलं असावं. पाहुणे पुतळ्यासारखे बसले. नाकावर माशी बसली तरी बसले. चहा घेऊन शिपाई निम्म्या शिडीवर पोहोचला होता, त्यालाही तिथेच थांबवला.

आणि साहेब? ते पुष्पगुच्छ घेऊन धावत आले आणि कोर्टाच्या फाटकात अडकले. केतकी म्हणाली, "चेंजओव्हरला आत या."

चेंजओव्हर म्हणजे खेळाडू बाजू बदलतात तो वेळ. पण गेम संपेचना. एकीचा पॉइंट, मग दुसरीचा, पुन्हा बरोबरी. भर उन्हात साहेब फाटकाबाहेर, हातातली फुलं माना टाकतायत. ज्यांच्या केबिनबाहेर अर्धं गाव ताटकळतं, ते स्वतः ताटकळले! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. गांगुर्डे सर मात्र हसले नाहीत. पुटपुटले, "आता तर गेलीच."

*

पण गेली नाही. पाहुणे खूश! खाली उतरून म्हणाले, "इतनी शांति मुझे घर में नहीं मिलती." बक्षिसं झाली, आणि साहेबांनी माइकवर जाहीर केलं, हे कोर्ट आजपासून आपल्या मुलांचं. पाहुण्यांच्या हस्ते गांगुर्डे सरांना चावी. आमच्या पोरांनी एक-दोन, एक-दोन-तीन केलं. सरांचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला बोलू.

पण आमच्याकडे स्टेजवरचं वाटप प्रातिनिधिक असतं. म्हणजे फोटोपुरतं. सायकल असो, दप्तर असो, पुढच्या पायऱ्यांनी चढून घ्यायचं आणि मागच्या पायऱ्यांनी उतरताना परत द्यायचं. मागच्या पायरीशी साहेब हात पसरून उभे होते. "लाओ, सर. आगे प्रोसीजर होगा."

मला वाटलं, सर आता भांडणार. या माणसाने एका चेंडूसाठी रिक्षा गाठली होती! पण सरांनी शांतपणे खिशात हात घातला, चावी साहेबांच्या हातावर ठेवली आणि नमस्कार करून निघाले. मला फार वाईट वाटलं. रागही आला, सरांचा.

सोमवारी सकाळी शाळेत जाताना मी कोर्टावरून गेले. फाटकाबाहेर साहेब, त्यांच्यामागे मांडववाला, टेम्पोत बांबू आणि लोखंडी खुंट्या. कोर्टावर साड्यांचा सेल लागायचा होता. साहेब फाटकाच्या गजांमधून हात आत नेऊन कुलपात चावी घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते. फिरेना. मी जवळ जाऊन पाहिलं. चावीला लाल दोरा होता. तो दोरा मीच बांधलेला, आमच्या शाळेतल्या खेळाच्या कपाटाच्या चावीला.

फाटकाला कुलूप आतून होतं. आत निळ्या कोर्टावर किलवणीची एक पोर सर्व्हिस करत होती. चेंडू सरळ पडत होता, सरळ उडत होता. उंच खुर्चीत गांगुर्डे सर.

साहेबांनी फाटक गदागदा हलवलं. "गांगुर्डे! खोलो!"

सरांनी मानसुद्धा वळवली नाही. फक्त एक बोट ओठांवर ठेवलं.

"शांतता राखा, साहेब. चेंजओव्हरला आत या!"