वहिनीचा आवाज ठेवलेली कंपनी

माझी वहिनी कपडे अल्टर करते. पँटची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर बदलणं, अडकलेली चेन काढून नवी बसवणं, असली कामं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि बाकी सगळीकडे टांगलेले लोकांचे कोट. आणि ही बाई, काय सांगू तुम्हाला, मोबाइल कंपन्यांच्या बातम्या अशा वाचते की शेअर बाजारातले लोकही वाचत नसतील. कुणी कुणाला विकत घेतलं, कुणी माणसं काढली, कुठलं अॅप गाशा गुंडाळणार, सगळं हिला ठाऊक. गिऱ्हाईक टाचण्या लावून घेत आरशासमोर ताटकळतं आणि हिचा एक डोळा मशीनला टेकवलेल्या फोनवर असतो.

त्याला कारण आहे. वहिनीचा आवाज एका कंपनीत ठेवलेला होता.

घशाचा कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शाळेची बस चालवणारा माझा दादा रिपोर्टच उलटसुलट करून पाहत बसला. वहिनीने एवढंच विचारलं, "मग मी बोलणार कशी?" हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी एक अॅप दाखवलं. ऑपरेशनच्या आधी ढीगभर वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, कंपनी त्यातून तुमचा आवाज तयार करणार, मग तुम्ही फोनवर टाइप करा आणि फोन तुमच्या आवाजात बोलेल. मी म्हटलं, काहीतरी थापा मारतायत.

दुकानातच खुर्ची टाकून, टांगलेल्या कोटांच्या मधोमध बसून तिने ती वाक्यं वाचली. जाड कपड्यांत आवाज घुमत नाही, हे तिचंच डोकं. वाक्यं तरी कसली? "उद्या आकाश निरभ्र राहील." "कृपया रांगेत उभे राहा." एखादा शब्द चुकला तर जन्मभर तसाच राहील, या भीतीने बिचारीने बातम्या देणाऱ्या बाईसारखा एकेक शब्द तोलून वाचला. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही की वहिनी अशी कधी बोलतच नाही.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा टाइप केलं आणि फोनमधून तिचा आवाज आला. हुबेहूब तिचा! माझ्या अंगावर काटा आला. तळहाताएवढी वस्तू, आणि तिच्यातून आमची वहिनी बोलतेय! मी तर तिथेच रडायला लागले. मग चार दिवसांनी घोटाळा कळला. दादा भिजलेले बूट घालून आत आला म्हणून तिने रागाने टाइप केलं, "डोकं फिरलंय का तुमचं?" आणि फोन इतक्या गोड आवाजात बोलला की जणू पाहुण्यांना चहा विचारतेय. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, बिनआवाजाची. दादा मात्र नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आवाज तिचाच आहे गं. पण घरात कुणी पाहुणी आल्यासारखं वाटतं."

पाहुणी तर पाहुणी, होती तरी! आणि ती टिकावी म्हणून वहिनी बातम्या वाचायला लागली. तिचं म्हणणं, माझी जीभ ज्यांच्याकडे आहे त्यांचं कसं चाललंय हे मला नको कळायला? मग त्याच सौम्य आवाजात तिची टीका चालायची. "या लोकांचं पँटसारखं आहे. रुंद झाली, अरुंद झाली, पुन्हा रुंद. आधी म्हणाले वेबसाइट काढा. मग म्हणाले वेबसाइट कोण बघतं, अॅप काढा. आता म्हणतात अॅपही नको, फोनशी नुसतं बोला. ज्याला बोलताच येत नाही त्याने काय करायचं, ते कुणी सांगत नाही." मी म्हटलं, तू पेपरात लिही. तर म्हणे, "आधी तुझ्या स्कर्टची चेन लावू दे."

एक दिवस मी दुकानावर गेले तर कुलूप. घरी गेले. वहिनीने फोन माझ्यापुढे सरकवला. कंपनीचं ईमेल होतं, सुरुवातच "आनंदाची बातमी" अशी. एका मोठ्या कंपनीने त्यांना विकत घेतलं होतं आणि महिनाअखेर आवाजाची सेवा बंद होणार होती. आवाज त्यांच्या मशीनवर, तो बाहेर काढून देता येणार नाही. तिने वाक्यांचं मूळ रेकॉर्डिंग तरी द्या म्हणून विचारलं, त्याला उत्तरच नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, त्या कंपनीला मी नाही नाही ते बोलले.  वहिनीने टाइप केलं, "पहिल्यांदा गेला तेव्हा निदान भूल दिली होती." 

पण बाई हरणारी नव्हे. बातम्यांमधूनच तिला कळलं होतं की फोन आता फार दमदार झालेत, जे काम आधी कंपनीच्या मोठाल्या मशीनवर व्हायचं ते खिशातल्या खिशात होतं. असा एक नवा प्रोग्राम तिने शोधून काढला. आवाज कायमचा फोनमध्येच राहणार, इंटरनेट नसलं तरी, कंपनी बुडाली तरी. शिवाय ढीगभर वाक्यं नकोत, काही मिनिटांचं बोलणं पुरे. दादाने लगेच जुन्या अॅपचा आवाज त्याला ऐकवून पाहिला. प्रोग्रामने साफ नाकारलं: तयार केलेला आवाज चालणार नाही, माणूस बोललेला हवा.

माणूस बोललेला आणायचा कुठून? आमच्या घरात व्हिडिओ वहिनी काढायची, त्यामुळे ती एकाही व्हिडिओत नाही, आणि फोन हलेल म्हणून काढताना तोंडही उघडायची नाही. दादाने सगळे फोन उलथेपालथे केले. महिना संपत आला. शेवटी वहिनीनेच माझ्याकडे बोट दाखवून टाइप केलं, "हिच्याशी भांडलेय ना मी."

अगंबाई! आमची सगळी भांडणं व्हॉइस मेसेजवर व्हायची, आणि मी फोनमधलं कधी काही पुसत नाही. दुपारभर आम्ही ते ऐकत बसलो. एरवी ती मला अगं-तुगं करते, पण चिडली की "वन्सं" आणि "तुम्ही" सुरू. "वन्सं, हॉस्पिटलला कोण जाणार, की तेही मीच?" "वन्सं, तुमच्या आईच्या गोळ्या तुमच्याकडे, आणि शोधतेय मी!" मागे मशीनची खडखड. मी एखादा गोड मेसेज शोधत होते, एक सापडेल तर शपथ. वहिनीने सगळीच भांडणं प्रोग्रामला दिली. पुढे काय होणार याची खात्री तिलाही नव्हती. दुसऱ्या दिवशी जुनी सेवा बंद पडली आणि माझ्याकडे तिचा मेसेजसुद्धा येईना.

मी औषधांच्या दुकानात काउंटरला असते. त्यानंतरच्या सकाळी गर्दीतच फोन वाजला. नाव वहिनीचं. ऑपरेशनपासून तिने कधी फोन लावला नव्हता, तेव्हा दादाच असणार म्हणून मी उचलला.

"वन्सं! कधीची रिंग वाजतेय, कानात बोळे घातलेत का? आणि तुमच्या भावाला समजवा जरा. शाळेची बस काढायची सोडून हे दारात उभे राहून रडतायत. मी ओरडतेय तर म्हणतात, अजून ओरड!"

समोरचा माणूस गोळ्यांची पट्टी पुढे करून काहीतरी विचारत होता. मला ऐकू येत होतं, दिसत होतं, फक्त घशातून शब्द निघेना. जन्मात पहिल्यांदा मला वहिनीला उलट उत्तर देता आलं नाही.

"अगं बोल की! का आता दोघींचं मीच बोलायचं?"