आमच्या पहिलीची मुळाक्षरं

पहिलीच्या बाईच्या पर्समध्ये खडूचा चुरा साठतो, तसे डोक्यात किस्से साठतात. कितीही झटका, उद्या पुन्हा तेवढेच! आमची शाळा उमरग्याच्या पुढं, कर्नाटकची हद्द अगदी जवळ. माहेरी गेले की मैत्रिणी विचारतात, "काय गं, रोज तेच अ-आ-इ-ई. कंटाळा येत नाही?"

कंटाळा? ऐका मग.

*

चित्राचं कार्ड दाखवून अक्षर शिकवायचं, ही आमची पद्धत. एकदा घराचं कार्ड वर धरलं. "हे काय?"

"मने!" बसवराज ओरडला. त्याच्या घरी कन्नड बोलतात, आणि कन्नडमध्ये घराला मने म्हणतात.

"बाळा, हे घर. घ घराचा. काढ बघू."

त्यानं पाटीवर ठसठशीत 'म' काढला.

"अरे, हे घर आहे ना?"

"तुमचं घर असंल, बाई. आमचं मने हाय!"

'म' मात्र सुरेख होता. शाबासकी द्यावीच लागली.

*

अक्षरावरची आडवी रेघ पोरं हमखास विसरतात. म्हणून मी सांगितलं, "ती रेघ म्हणजे अक्षराचं छप्पर. छप्पर नसलं तर अक्षर भिजेल." झालं, सगळे मन लावून छपरं घालायला लागले. मार्चपर्यंत छान चाललं. एप्रिलात बघते तर सोनालीच्या पाटीवर सगळी अक्षरं उघडी!

"सोनाली, छपरं कुठं गेली?"

"लई उकडतंय, बाई. समदी अंगणात झोपलीत!"

*

आमचे हेडमास्तर जरा तापट. एकदा वर्गात आले आणि फळ्यावरच्या अक्षरावर बोट ठेवून विष्णूला म्हणाले, "वाच." विष्णू अडकला.

सर भडकले. "एवढं येत नाही? अगदीच ढ आहेस!"

मला वाटलं, आता पोरगं रडतंय. पण विष्णू शांतपणे म्हणाला, "न्हाय सर. आमी अजून ट-वरच हाव. ढ पुढच्या हप्त्यात हाय!"

सर तडक बाहेर गेले. मग व्हरांड्यातून जे हसू ऐकू आलं, ते सरांचंच होतं.

*

न आणि ण यांचं आमच्या भागात वाकडं. 'पाणी' लिहायला सांगितलं, तर अर्ध्या वर्गानं 'पानी' लिहिलं. मी जीभ वळवून वळवून दाखवली. "पाणी... पाणी... ऐकू येतोय का फरक?"

राधाचा चेहरा उजळला. "कळलं, बाई! जारमधलं असतं ते पाणी. नळाला येतं ते पानी!"

*

आणि द्रौपदीआज्जी. त्यांची नात पिंकी आज्जीशिवाय वर्गात बसेचना, रडून रडून नाक लाल. शेवटी मी म्हटलं, "आज्जी, तुम्हीच या आत." आज्जी मागं भिंतीला टेकून बसल्या. पिंकी हळूहळू रमली, पण आज्जी काही उठेनात! पाटी मागून घेतली. बोटं ताठलेली, पेन्सिल मोडायची, तरी गिरवणं सोडलं नाही.

मग पालकसभा आली. सह्या चालल्या होत्या. शिपायानं सवयीनं अंगठ्याचं पॅड पुढं केलं. आज्जींनी ते बाजूला सारलं.

"पेन द्या."

सगळ्या बाया गोळा झाल्या. आज्जींनी जीभ दातात धरून एकेक अक्षर काढलं. वाचलं तर काय... कमळ!

"आज्जी, तुमचं नाव तर द्रौपदी ना?"

"द्रौपदी लई अवघड हाय, बाई. पैल्या अक्षरातच दम निघतुया. ह्येला ना काना, ना मात्रा. आजपासनं म्या कमळ!"

"अहो, पण असं नाव बदलता येतं का?"

आज्जींनी पेनाला टोपण लावलं, पदर सारखा केला.

"का वो बाई? लग्नात मालकानं बदललं, तवा मला कुणी इचारलं व्हतं?"