पायाच्या खड्ड्यातला वरचा थर

मध्ययुगीन पुरातत्त्व म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मला व्याख्या आठवत नाही. एक अपमान आठवतो.

ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी मी पुरातत्त्वाच्या पदविकेला प्रवेश घेतला. शिनोलीहून निघायचे, घोडेगावला गाडी बदलायची आणि जुन्नरला पोहोचायचे. वर्गातली मुले मला काकू म्हणत. प्रश्न माझ्याही मनात येत. पण त्यांची वाक्ये नीट जुळेपर्यंत तास संपलेला असे.

जुन्नरच्या जुन्या पेठेत फळांचा व्यापार करणाऱ्या एका चाचांनी घराचा पाया खणायला घेतला, तेव्हा आमच्या सरांनी त्यांच्याकडून पंधरा दिवसांची मुभा मिळवली. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलण्यात तरबेज. त्यांना तळाशी सातवाहनांचा थर हवा होता. जुन्नर म्हटले की लेणी आणि लेणी म्हटले की सातवाहन. त्यानंतर इथे कोणी जेवलेच नाही, अशा थाटात सगळे बोलतात.

पहिल्याच दिवशी वरच्या मातीत मला निळ्या झिलईचा एक तुकडा सापडला. बहमनी किंवा निजामशाही काळातला असावा, असे वाटले. धीर करून मी तो सरांपुढे धरला.

"काकू, वरचं सगळं अलीकडचं. ते फेकायचं." मग मुलांकडे वळून ते म्हणाले, "काकूंना रुखवतात मांडायला बशी हवीय वाटतं!"

मुले हसली. मीही हसले, आणि त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही.

पंधरा दिवसांनी सर तळाची मडकी घेऊन गेले. काँक्रीटची गाडी यायला चार दिवस होते. मी चाचांकडे गेले आणि खड्ड्याची पूर्वेकडची उभी भिंत तासून पाहायची परवानगी मागितली.

"बगा की," चाचा म्हणाले. "पण मॅडम, या खापऱ्यांचं लोणचं घालताय का काय? आमच्या आजीनं असलं लई फेकलं असंल."

"तेच तर शोधायचंय," मी म्हणाले. ते खदखदून हसले आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

चार दिवस मी चाकूने ती भिंत साफ करत होते. मातीचा रंग कुठे बदलतो, राखेचा पट्टा कुठे लागतो, हे सारे आलेख कागदावर उतरवले. प्रत्येक तुकडा धुऊन त्याच्या आतल्या बाजूस शाईने बारीक क्रमांक घातला. तो क्रमांक कोणत्या थराचा, किती खोलीचा, शेजारी काय होते, हे वहीत लिहिले. वहीवाचून तो क्रमांक निरर्थक आणि क्रमांकावाचून ते खापर निव्वळ कचरा. आमच्या शास्त्राचा सगळा जीव या एवढ्याशा सवयीत आहे.

त्या काळाची फर्माने आहेत, दफ्तरे आहेत. मग माती कशाला चाळायची, असे शिकलेली माणसेही विचारतात. कागद जहागिरी कोणाला मिळाली ते सांगतो. पेठेतल्या कोणा घरी निळी ताटली फुटली, तेव्हा ती टाकवेना म्हणून तिच्या कडेला भोके पाडून तारेने सांधली, हे कागद सांगत नाही. अशी भोके असलेला तुकडा मला राखेच्या पट्ट्याखाली मिळाला. पाचव्या दिवशी ती भिंत काँक्रीटखाली गेली.

दीड वर्षाने वारे फिरले. मध्ययुगीन व्यापारावर परिसंवाद ठरला आणि सर शिनोलीला माझ्या घरी आले.

"काकू, ते तुकडे तुमच्याकडे आहेत म्हणे. आपल्याच विभागाचे ना ते!"

मी ट्रे भरून तुकडे दिले, वर पोहेही दिले. वही त्यांनी मागितली नाही. काकूने वही ठेवली असेल, हे त्यांच्या मनातही आले नाही. मी खोटे बोलले नाही, फक्त गप्प राहिले. आणि गप्प राहण्याचा मला चाळीस वर्षांचा सराव होता.

परिसंवादात सरांनी भोके पाडलेला तुकडा पडद्यावर दाखवला. बाहेरून आलेल्या एका ज्येष्ठ विदुषींनी शांतपणे विचारले, "कोणत्या थरातला? सोबत काय मिळालं?"

सरांनी कागद चाळले, मग शेवटच्या रांगेत मला शोधले. "काकू, तुम्हीच सांगा ना."

मी उभी राहिले. या वेळी वाक्य दीड वर्ष तयार होते.

"सर, वरचं सगळं अलीकडचं, ते फेकायचं, असं आपण सांगितलं होतं."

सभागृहात कोणी हसले नाही. मला ते हसण्याहून गोड लागले.

त्यानंतर त्यांचे तीन फोन आले. निबंध छापायला जाणार होता आणि नोंदींवाचून संपादक तो घेईनात. हाक आता 'मॅडम' झाली होती. तिसऱ्या फोनला मी अट सांगितली: निबंध माझ्या एकटीच्या नावे निघेल, आणि चाचांच्या चुलतभावाच्या घराचा पाया खणला जाईल तेव्हा सर खड्ड्यात उतरून मोजमाप घेतील. पेठेची दोनशे वर्षे मी एका वहीत ओलीस धरली होती. हे संशोधकाला शोभत नाही, हे मला कळत होते. तरी मी अट सैल केली नाही.

ते आले. त्याच वर्गातली मुले काठावर उभी होती. भर दुपारी सर खाली उतरले, टेप लावला आणि वरच्या थराची खोली पुटपुटले.

मी वहीतून मान वर केली नाही.

"ऐकू आलं नाही, सर. पुन्हा सांगा."